झोप येत नाही, एवढंच

प्रिय आप्पा,

काल तुमचं वर्षश्राद्ध होतं आणि पिंड द्यायला तुमचा एकुलता एक मुलगा घरी नव्हता. मीच त्याला पहाटेच्या गाडीनं घेऊन गेले होते. भटजी येऊन बसले, तात्यांनी आम्हाला निपाणीभर शोधलं आणि शेवटी तुमचा धाकटा भाऊ म्हणून स्वतःच सगळं उरकलं. आम्ही परतलो तेव्हा ते कट्ट्यावरच बसले होते. "बापाच्या पिंडाला पोरगं न्हाय. आणि ह्ये पोरीचं धाडस बघा," एवढं बोलून पायात चपला घालून निघून गेले. आता वर्षभर ते माझ्याशी बोलायचे नाहीत. म्हणून आम्ही कुठं गेलो होतो ते तुम्हालाच लिहिते.

धारवाडला गेलो होतो. महिन्यातला दुसरा मंगळवार होता. अण्णाचा तिथला वार तोच, हे तुम्हाला मी काय सांगायचं?

रागानं लिहिते आहे, आप्पा. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मग कुणावर रागावू? तुम्ही असताना तर मी तोंडच उघडलं नाही.

आठवतं का, तुम्ही अण्णाला मराठी शाळेत घातलंत आणि मला कानडी? लोक हसायचे. तुम्ही म्हणायचात, "ह्यो भाग कुणाच्या पदरात पडंल सांगता येत न्हाय. कुटलं बी सरकार येऊ दे, एक पोर तरी पोटाला मिळवंल." तुमच्या त्या हुशारीवरच आज मी कानडी शाळेत मास्तरीण आहे. आपल्या घरात मराठी अण्णाच्या वाट्याची होती आणि कानडी माझ्या. शेताची वाटणी करावी तशी तुम्ही भाषेची केली होतीत, आणि आम्ही ती निमूट मानली.

आणीबाणी लागली त्याच्या आदल्या वर्षी अण्णा बिघडला. एकवीस वर्षांचा होता, तंबाखूच्या वखारीत वजनाच्या काट्यावर होता. एक दिवस कानांना पंचा बांधून घरी आला. म्हणाला, "वखारीत कुणी नसलं तरी माणसं बोलत्यात. माझ्या चुका मोजत्यात." तुम्ही त्याला गल्लीतल्या डॉक्टरकडं नेलंत, त्यानं ताकदीची इंजेक्शनं दिली. मग तीन अमावास्या देवऋष्याकडं. त्यानं लिंबाच्या डहाळ्यांनी झोडपलं ते वळ मी मोजले होते, तुम्ही बाहेर विडी ओढत उभे होतात. मग बेळगावचा खाजगी डॉक्टर. त्याच्या एका खेपेतच तुमचा महिन्याचा पगार गेला. तो माणूस भला, त्यानंच सांगितलं, "हे तुम्हाला झेपायचं नाही. धारवाडला वेड्यांचं सरकारी इस्पितळ आहे, गोळ्या फुकट मिळतात."

एवढं मोठं गाव आपलं! तंबाखूला गल्लोगल्ली दलाल, आणि माणसाचं डोकं बिघडलं तर बघायला एक डॉक्टर नाही. औषध फुकट, पण ते आणायला पहाटे निघायचं, बेळगावला गाडी बदलायची, दिवसाची मजुरी बुडवायची. या गोष्टीचा राग मला आजही येतो, आणि तो तुमच्यावरचा नाही.

तुमच्यावरचा वेगळा आहे.

पहिल्या खेपेला तुम्ही मलाही नेलंत. तुम्हाला कानडी बोलता यायचं, वाचता यायचं नाही. बसच्या पाट्या वाचायला सातवीतली मी होते. डॉक्टरांना मराठी येत नव्हती. त्यांनी अण्णाला काय होतंय ते विचारलं, तुम्ही मराठीत त्याला विचारलंत आणि अण्णानं सगळं सांगितलं. आवाज, चुका मोजणारी माणसं, रेडिओतून त्याचं नाव घेणारी बाई, सगळं. खाली मान घालून बराच वेळ बोलला. मग तुम्ही डॉक्टरांकडं वळलात आणि म्हणालात, "निद्दी बरंगिल्ल री. अष्ट." झोप येत नाही, एवढंच.

डॉक्टरांनी पुन्हा विचारलं होतं, आप्पा. त्यांना दोष देता यायचा नाही. कानात काही ऐकू येतं का, कुणी मागं लागलंय असं वाटतं का, असं एकेक विचारलं. तुम्ही दरवेळी "इल्ल री", नाही हो, म्हणालात. मी तुमच्या शेजारी उभी होते. मला सगळं कळत होतं. मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत राहिले.

परतीच्या गाडीत मी भीतभीत म्हटलं, "आप्पा, अण्णा वेगळंच सांगत हुता की." तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यास्नी खरं कळलं तर आत ठेवून घेत्यात, पोरगं परत येत न्हाय. आन् तुला अजून उजवायची हाय."

भीती मला कळते. साखळीनं बांधतात, शॉक देतात, गेलेला माणूस परतत नाही, असं सगळं गाव बोलायचं. माझं लग्नही कळतं. पण दहा वर्षं? दहा वर्षं त्याला झोपेच्या गोळ्या? रोग रेड्याला आणि औषध पखालीला! तो झोपला, आप्पा. दिवसा झोपला, उठून जेवला, पुन्हा झोपला. काटा सुटला, मित्र सुटले. मला एकदा म्हणाला, "मी झोपतो गं, पर ती जागीच असत्यात." मला बघायला पाहुणे आले तेव्हा तुम्ही त्याला मागच्या खोलीत कोंडून पुढं रेडिओ मोठ्यानं लावलात. कुणी धारवाडचं विचारलं तर सांगायचात, डोळे दाखवायला मिरजेला गेलो होतो.

आणि तरी एकही मंगळवार चुकवला नाहीत. ताप अंगात असताना गेलात. आई गेली त्या महिन्यातही गेलात. बेळगावच्या स्टँडवर अण्णाला संत्री सोलून द्यायचात, एकेक शीर काढून. खोटं बोलायला इतक्या नेमानं इतक्या लांब कुणी जातं का हो? तुमचा सरळ रागसुद्धा करू देत नाही तुम्ही.

माझं लग्न होईपर्यंत मी तुमच्यासाठी गप्प होते. झाल्यावर माझ्यासाठी गप्प राहिले. सासरी काय म्हणतील, ही भीती मी तुमच्याकडूनच शिकले. तुम्ही गेल्यावरही वर्षभर शेजारच्या पोराला पाठवून त्याच गोळ्या मागवत राहिले.

काल तिथं डॉक्टरांसमोर तुमच्या खुर्चीत मी बसले. डॉक्टर आता नवीन आहेत, तरुण. त्यांनी अण्णाचा जाडजूड केसपेपर पहिल्या पानापासून चाळला. सगळीकडं एकच, झोप येत नाही. त्यांनी विचारलं आणि मी कानडीत सगळं सांगितलं. पंचा, आवाज, चुका मोजणारी माणसं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "इतक्या वर्षांत हे कुणीच कसं सांगितलं नाही?"

मी काही बोलायच्या आत अण्णा बोलला. कानडीत. बाजारातली, ठसठशीत कानडी. "मी सांगितलं होतं, साहेब. आमच्या आप्पांना सांगितलं होतं."

मी वळून त्याच्याकडं बघितलं, आप्पा. डॉक्टर मग माझ्याकडं न बघता त्याच्याशीच बोलत राहिले, बराच वेळ. म्हणाले, आवाज पार जातील असं नाही, पण पुष्कळ कमी होतील, यावर गोळ्या आहेत. तेव्हाही होत्या. आम्ही त्या घेतल्या तेव्हा मला रडू आलं, कारण औषधाची खिडकी तीच होती. दहा वर्षं तुम्ही झोपेच्या गोळ्या घेत होतात तीच खिडकी, तशाच फुकट.

बेळगावच्या स्टँडवर मी अण्णाला विचारलं, "तुला कानडी येतं?"

"काट्यावर चार वर्सं हुतो, शाले. आर्धे शेतकरी चिकोडीकडचे, कानडी. एवढं बी कळंना व्हय?"

"मग त्या दिवशी बोलला का नाहीस?"

तो संत्रं सोलत होता. "आप्पांचा हात माझ्या गुडघ्यावर हुता. लई थरथरत हुता. म्हटलं, ह्यो मानूस माझ्यापेक्षा जास्त घाबरलाय. ऱ्हाऊ दे." मग एक फोड माझ्या हातावर ठेवून म्हणाला, "तुला बी कळत हुतंच की."

रागावून नाही म्हणाला. त्याला नुसतं माहीत होतं. आपण दोघं त्याच्यापासून जे लपवत होतो, ते तो आपल्यासाठी लपवत होता. आपल्या घरात वेडा कोण होता, आप्पा?

पिंड सर्वपित्रीला अण्णाच देईल, मी तात्यांना विनवीन. पण त्या दिवशी दुसरा मंगळवार आला, तर आधी धारवाड. तुम्ही थांबाल. इतकी वर्षं तो थांबलाच की. आणि एक शब्द देते. तुमच्या त्या खुर्चीत यापुढं मी बसणार नाही, दुसरं कुणी बसणार नाही. अण्णा आत जाईल आणि त्याचं तो सांगेल. मी बाहेर बाकावर बसेन, आणि निपाणीत कुणी विचारलं, कुठं गेला होता गं, तर धारवाडला म्हणून सांगेन.

तुम्ही कानडी शाळेत घातलेली,
शालू