मामंजींचा खलबत्ता

बुधवार संध्याकाळ, पाटण

मामंजींची जळजळ का थांबत नव्हती ते आज कळलं. माळकरी माणूस. कॅप्सूलचं कव्हर जनावराच्या हाडाचं, म्हणून ते फोडून टाकतात आणि आतले दाणे खलबत्त्यात कुटून मधातून चाटतात. दिवसभर औषधं विकते मी, आणि माझ्याच घरात हे.

दाण्यांवरचा थर पोटातल्या आम्लापासून औषध वाचवतो. ते आतड्यात उतरून रक्तात जातं, तेव्हा कुठं आम्ल बनणं कमी होतं. मामंजींना तसंच सांगितलं.

"मंग म्या कुटलेलं कुटं गेलं?"

"तुमच्या आम्लानंच खाल्लं."

डॉक्टरांनी कॅप्सूलऐवजी गोळी दिलीय. जेवणाआधी, अख्खी गिळायची. ऐकतील, माझी खात्री आहे.

तरी खलबत्ता माझ्या कपाटात ठेवलाय.