चाचा, तुम्ही खाली अन् मी टेकडीवर

चाचा, परवा बुलढाण्याच्या घाटातून मोटारीनं खाली उतरत होतो. वळणावर धूर दिसला म्हणून गाडी थांबवली. जंगलखात्याची माणसं वणवा अडवायची लाईन जाळत होती. गवत कापून आधीच दोन्ही अंगांनी बाजूला ओढलेलं, मधला पट्टा वाऱ्याच्या उलट पेटवलेला, आणि दोन्ही कडांना पळसाचे डहाळे घेऊन उभे असलेले गडी. तुमच्या वेळी होतं तसंच. वऱ्हाड आता मध्यप्रांतात राहिलं नाही, खाकी टोप्यांची तऱ्हा बदलली, पण वणवा अडवायला आधी जमीन काळी करून ठेवावी लागते हे काही बदललेलं नाही. ड्रायव्हर म्हणाला, "शेठ, निघायचं का?" मी म्हटलं, थांब जरा. काच खाली करून मी ऐकत बसलो. वाळलं गवत जळताना एक आवाज असतो, हिरवा डहाळा त्यावर पडतो तेव्हा दुसरा. तुम्हीच मला तो ऐकायला शिकवलं असं मी इतकी वर्षं सांगत आलो. तुम्हाला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं, हे मात्र सांगत नाही.

जानेफळकडून मी निघालो तेव्हा माझं लग्न झालेलं होतं, आणि घरात मला कवडीची किंमत नव्हती. तीन भावांत मी मधला. बापाच्या लेखी मी बडबड्या, रिकामटेकडा. होळी व्हायची होती, आणि जंगलात उन्हाळाभर आगीवर राखणीला माणूस पाहिजे असं कळलं, म्हणून तुमच्या चौकीवर येऊन उभा राहिलो. आम्ही तिघं आलो होतो. दुसरे दोघे माझ्याहून उंच, दंडाचे भरीव. तुम्ही नाकेदार, त्या जंगलाचे राखणदार, कमरेला पट्टा, पट्ट्यावर पितळेचा चकचकीत बिल्ला. दाढी मेंदीनं लाल. तुम्ही आमच्या दंडांकडे पाहिलंच नाही. म्हणालात, "गप उभे राह्या. काय ऐकू येते, सांगा."

एक म्हणाला, "काई नाई." दुसरा म्हणाला, "कावळा." मी म्हटलं, "खाली नाल्यात कोणीतरी कुऱ्हाड मारून राह्यलं, चाचा. ओल्या लाकडावर." तुम्ही क्षणभर माझ्या तोंडाकडे पाहिलंत आणि काठी उचलून नाल्यात उतरलात. परत आलात तेव्हा खांद्यावर कोणाची तरी कुऱ्हाड होती. "तू राह्य बे," म्हणालात. मला वाटलं, म्हाताऱ्यानं आधीच ऐकलं होतं, आमची परीक्षा घेत होता. किती दिवस मी त्याच भ्रमात होतो.

तुमच्याबरोबर लाईन जाळली, लाईन झाडली, सालईच्या पोकळ खोडांत निखारा झोपून राहतो तो माती घालून मारला. मोह गळायला लागला तसे गावचे लोक टोपल्या घेऊन यायला लागले. झाडाखालचा पाला जाळून जागा साफ करायची, म्हणजे पडलेलं फूल दिसतं, ही त्यांची बापजाद्यांची रीत. तुम्ही त्यांना कधी शिव्या दिल्या नाहीत. प्रत्येक झाडाखाली उभं राहून पाला जाळून घ्यायचा, मग माझ्याकडून राखेवर पाणी मारून घ्यायचं. एक म्हातारी तुम्हाला म्हणाली, "नाकेदार, तू सरकारचा का मोहाचा?" तुम्ही तिच्या टोपलीत बघत म्हणालात, "हाव, मोह बेस पडला औंदा." ती हसली, मीही हसलो. नाकेदार मोठा बेरकी, प्रश्न टाळतो, असं वाटलं.

चौकीवर दुपारी तुम्ही नमाजाआधीचे हातपाय धुऊन, वजू करून बसायचात आणि मला म्हणायचात, "खालच्या गावची अजान वाऱ्यावर आली का सांगजो." मी सांगायचो. एक दिवस वारा नेमका गावाकडूनच होता. अजान इतकी स्वच्छ आली की झाडाखाली झोपलेला कुत्रा मान वर करून बसला. तुम्ही माझ्या शेजारी, हातभर अंतरावर, माझ्या ओठांकडे पाहत होतात. वाट पाहत होतात. अजान संपेपर्यंत मी तुमच्याकडेच पाहत राहिलो. मग म्हटलं, "झाली चाचा." तुम्हाला कळलं की मला कळलं. नमाज झाल्यावर चटई गुंडाळता गुंडाळता म्हणालात, "दोन पावसाळे काढले की पेन्शन हाये. साहेबाले कळलं त उद्याच बिल्ला काढून घेतीन." आणि थोड्या वेळानं, मला रागावल्यासारखं, "कोणाले बोलला त तंगडी मोडीन तुही."

मी कोणाला बोलणार होतो? माझ्या घरी मी बोललेलं कोणाला नको होतं, आणि इथं एक लाल दाढीचा सरकारी माणूस माझ्या तोंडाकडे डोळे लावून बसलेला. रेंजरसाहेब पाहणीला यायचे. नागपूरकडचे, बारीक अंगाचे, फार हळू बोलणारे. तुमच्या दृष्टीनं त्याहून वाईट साहेब शोधून सापडला नसता. मग मी युक्ती काढली. साहेबांनी तुम्हाला काही विचारलं की मी मध्येच तोंड घालायचो, मोठ्यानं, वेंधळ्यासारखं. "उत्तरेची लाईन कुठवर झाली, असं म्हनता का साहेब?" साहेब वैतागायचे. "तुला कोणी विचारलं?" तुम्ही लगेच माझ्यावर डाफरायचात, "चूप बे, गधड्या!" आणि साहेबांना उत्तर द्यायचात, नेमकं. साहेब गेले की आपण दोघं पोट धरून हसायचो. तुम्ही मला शेंगदाण्याचा लाडू द्यायचात, घरून आलेला. एकदा म्हणालात, "तुले मी गधडा म्हनतो ते मनावर नोको घेऊ. तू नसता त मी कवाच घरी गेलो असतो." हे वाक्य मी किती दिवस खिशात घेऊन फिरलो!

वैशाखातली ती दुपार तुम्हाला आठवत असेल. आठवत नसेल तर बरं. वरच्या अंगानं वणवा पेटला, कुठून ते शेवटपर्यंत कळलं नाही, आणि नेमके त्या दिवशी रेंजरसाहेब चौकीवर होते. गावचे लोक डहाळे घेऊन धावत आले. आग मारण्यापलीकडे गेली होती, म्हणजे आगीवर आग सोडायची. आपल्या लाईनवरून उलटी आग लावायची, ती पुढे जाऊन वणव्याला भिडते आणि दोघांना खायला काही उरत नाही. पण लावायची वेळ एकच. वणवा जवळ येतो तेव्हा वारा स्वतःकडे ओढायला लागतो. त्याच्या आधी लावली तर आपलीच आग मागे फिरते, उशिरा लावली तर वणवा लाईन ओलांडतो. खाली उभ्या माणसाला धुरात ही ओढ दिसत नाही, म्हणून वर टेकडीवर एक जण राहतो आणि हाक देतो. हाक आली की खालचा पेटवतो. खालचा नेहमी तुम्ही असायचात. मी तुमच्या शेजारी असायचो. वरून हाक आली की माझी कोपरखळी तुमच्या बरगडीत.

टेकडीकडे बोट करून साहेब मला म्हणाले, "तू तरणा आहेस. माझ्याबरोबर वर चल, तू हाक दे."

मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही 'जा' म्हणून मान हलवलीत. डोक्याचा रुमाल सोडून माझ्या हातात दिलात आणि हळूच म्हणालात, "हालवजो." एवढंच. हुकूम मोडायचा तर कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण सांगितलं की बिल्ला गेला. मी वर गेलो.

ओढ सुरू झालेली मी पाहिली. वाळका पाला जमिनीवरून वणव्याकडे पळायला लागला. मी हाक दिली, रुमाल हलवला, आणि नेमका त्याच वेळी धुराचा लोट आपल्या दोघांच्या मध्ये आला. धूर जरा फाटला तेव्हा तुम्ही दिसलात. हातात पेटता टेंभा, मान वर, डोळे बारीक करून मला शोधत होतात. मी पुन्हा हाक दिली, घसा फाटेपर्यंत. साहेब माझ्या शेजारी. "का लावत नाही तो?" मी पळत सुटलो. तुमचा खांदा धरून हलवला तेव्हा उशीर झाला होता. आपण दोघांनी पेटवलं, बहुतेक लाईन राहिली, पण खालच्या कोपऱ्यावर आगीनं उडी मारली. तिथं गावचा एक पोरगा डहाळा घेऊन उभा होता. त्याला ओढून काढलं, पण पाय भाजले. दोन्ही. आग विझेस्तोवर संध्याकाळ झाली. साहेबांनी मला विचारलं, "त्याला हाक ऐकू आली नाही?" मी म्हटलं, "धूर होता, साहेब." ते भाजलेल्या पोराकडे गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही बिल्ला घासत बसलात. राखेनं, लिंबानं. मला वाटलं ईद आहे की काय. मग म्हणालात, "ऑफिसात जाऊन राह्यलो. साहेबाले सांगतो."

"काऊन चाचा? साहेबाले काई समजलं नाई. दोन पावसाळे त राह्यले."

"त्या पोराचे पाय पाह्यले का तू?"

"पाह्यले. बरे होतीन."

"होतीन. पन पुढच्या खेपी नुसते पाय नाई, पोरगाच जाईन. तुह्या कानावर मी जंगल राखून राह्यलो बे. तू काल वर होता."

"मी येतो ना पुढच्या साली. दर साली येतो. तुमच्या बाजूचा हालतच नाई."

तुम्ही हसलात. "हाव. अन् मेल्यावर कबरीतही ये, फरिश्ते काय इचारते ते सांगाले." मग हसू थांबवून, माझ्याकडे न पाहता म्हणालात, "मले लाज वाटते. काल धुरात उभा होतो तवा आगीचं भेव नाई वाटलं, तू काय म्हनून राह्यला ते समजत नाई याचं वाटलं."

मी तुमच्या मागं मागं बुलढाण्यापर्यंत आलो. वाटभर भांडलो, पुढे होऊन, तोंड दिसेल असं. तुम्ही आत गेलात, मी व्हरांड्यात. माझ्या कानांना भिंत कधी आड आली नाही, पण त्या दिवशी कानांची गरजच पडली नाही. नेहमी कुजबुजणारे साहेब मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून बोलत होते. "मला शिमग्यातच कळलं होतं. तुमचा गडी येडा नाही, हे मला दिसत नव्हतं का? तुमच्या लाईनी चांगल्या होत्या, म्हणून मी गप्प बसलो. मी तेव्हा बोललो असतो तर त्या पोराचे पाय वाचले असते." मग बिल्ला टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. बाहेर आलात तेव्हा पट्टा नव्हता आणि कमर एकदम बारीक दिसत होती. तुमच्या गावच्या, देऊळघाटच्या वाटेनं आपण निम्म्यापर्यंत बरोबर चाललो. मग तुम्ही मला परत पाठवलंत. "नवा नाकेदार येईन. त्याले लाईनी दाखव. त्याले कान असतीन, तू डोये दे."

नव्या नाकेदाराला कान होते, माझी गरज नव्हती. पाऊस पडल्यावर मी खामगावला गेलो, कापसाच्या एका जिनात यंत्रांना तेल घालणारा तेलवाला लागलो. यंत्र बिघडायच्या आधी कण्हतं, ते मला इतरांच्या आधी ऐकू यायचं. तेवढ्यावर मिस्त्री झालो, मिस्त्रीचा भागीदार झालो, आज माझं स्वतःचं जिन आहे. तुमची भेट त्यानंतर एकदाच झाली. तुम्ही भावाच्या दुकानाच्या ओट्यावर दोरखंड वळत होतात, तो भाजलेला पोरगा समोर बसून सुंभ पुरवत होता, उठला की थोडा लंगडत पण चालत होता. तुम्ही मला ओळखलंत, आणि गल्ली गोळा होईल इतक्या मोठ्यानं म्हणालात, "आला का गधडा!" पुढच्या वेळी आलो तेव्हा ओट्यावर तुमचा भाऊ होता. तो उठून मला कबरस्तानापर्यंत घेऊन गेला.

हा कागद कुठं पाठवणार? मराठी तुम्हाला वाचताही येत नव्हतं. घडी घालून कपाटात ठेवीन, नातवंडं रद्दीत घालतील. मी जाऊ नका म्हणून भांडलो ते तुमच्या पेन्शनीसाठी, असं मी आजवर घरात सांगत आलो, आणि ते खोटं नाही. पण चाचा, त्या उन्हाळाभर मी तुमच्या अजाना ऐकल्या, तुमचे साहेब ऐकले, तुमच्या मागून येणारी अस्वलं ऐकली, आणि तुम्हाला पुन्हा ऐकू यावं, असं मला एकदाही वाटलं नाही.