हायब्रिडने भालकीला

१ जून २००८, रविवार. सकाळी ७.

नवी वही. विषय एकच: हायब्रिड गाडी घ्यावी की नाही. रोजच्या वापराला कशी, हायवेला कशी, पूर्ण अभ्यास करून मगच निर्णय. शमशाबादचा प्लॉट विकलाय, पैसे बँकेत आहेत. म्हणजे अडचण फक्त निर्णयाची, आणि त्यात माझा हात कोण धरणार? रेल्वेच्या ऑफिसात तीस वर्षं फायलींवर शेरे मारतोय.

कारणही लिहून ठेवतो. दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना (वय ब्याऐंशी), यंदाची भाऊबीज भालकीला करायची आहे. तिथं सत्यवतीआत्या एकटीच असते, तिला आता धड दिसत नाही. गुडघ्यांमुळे तीन वर्षं दादांचं जाणं झालेलं नाही. काल जेवताना मी जाहीर करून टाकलं की या भाऊबीजेला आपल्या गाडीतून जायचं. दादा अर्ध्या ताटावरून उठले आणि आत्याला फोन लावला. उषाचं म्हणणं, आधी गाडी दारात येऊ द्या, मग बोला. बायकोला प्लॅनिंगमधलं कळत नाही.

५ जून, गुरुवार.

पेट्रोल पाच रुपयांनी वाढलं. अख्खं ऑफिस रडत होतं, मी एकटा खूश. म्हटलं होतं ना, हायब्रिडच! एक इंजिन, एक मोटर, बॅटरी चालता चालता चार्ज. शेजारच्या टेबलावरच्या रेड्डींनी विचारलं, रात्री प्लग कुठं लावायचा. अर्धा तास समजावून सांगितलं. शेवटी ते म्हणाले की त्यांना टीव्हीचा रिमोटही नीट येत नाही.

प्रणितानं तिच्या ऑफिसातून इंटरनेटवरची साठ पानं छापून आणली. पोरगी हुशार आहे, माझ्यावर गेलीय. फाइल केली. पानांना नंबर घातले.

२३ जून, सोमवार.

प्रत्यक्ष पाहणी. हायब्रिडची खरी बचत सिग्नलला आणि ट्रॅफिकमध्ये. म्हणून दिलसुखनगर ते सिकंदराबाद, म्हणजे घर ते ऑफिस, गाडी किती वेळा थांबते ते मोजायचं. स्कूटरवर मोजता येत नाही म्हणून सिटी बसने गेलो. मलकपेटपर्यंत अकरा. चादरघाटला सतरा. पुढं डोळा लागला. कंडक्टरनं उठवलं तेव्हा बस डेपोत उभी. ऑफिसला दीड तास लेट.

उद्या पुन्हा मोजणार. उभं राहून.

६ जुलै, रविवार.

शेजारचे हिम्मतराव सकाळी भाजी आणायला म्हणून बाहेर पडले आणि संध्याकाळी डिझेल गाडी घेऊन आले. ना फाइल, ना तुलना. मी हायवेचं मायलेज विचारलं तर म्हणाले, हौ, देतेच की काहीतरी. कीव आली.

चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला, आणि पहिल्या चकरेला पुढच्या सीटवर बसवलं कुणाला, तर आमच्या दादांना. दादा काच खाली करून सगळ्या गल्लीला हात दाखवत होते. परत आल्यावर हिम्मतराव म्हणाले की राखीलाच दादांना भालकीला नेऊन आणतो, सकाळी जाऊ, संध्याकाळी परत. मी स्वच्छ नाही सांगितलं. दुसऱ्याच्या गाडीतून बहिणीकडं जायचं? मी काय मेलोय?

दादा न जेवता पडले. उन्हातून फिरले ना, त्यामुळे.

२७ जुलै, रविवार.

हायवेचा भाग वाचला. घोळ आहे. मोकळ्या रस्त्यावर एका वेगानं गेलं की सगळं काम इंजिनच करतं, मोटर नुसती बसून राहते, आणि बॅटरीचं ओझं फुकट वाहायचं. म्हणजे गावात हायब्रिड, हायवेला डिझेल. मला रोज सिकंदराबाद. दादांना वर्षातून एकदा भालकी, पावणेदोनशे किलोमीटर, जवळजवळ सगळा हायवे.

उषाला हा पेच समजावून सांगितला. ती म्हणाली, कुठलीही घ्या पण चार चाकांची घ्या, आणि पोळ्या गरम आहेत तोवर जेवून घ्या.

संकल्प: १५ ऑगस्टपर्यंत निर्णय. फायनल.

१६ ऑगस्ट, शनिवार. राखी.

आत्याची राखी पोस्टानं आली. दादांनी ती प्रणिताकडून बांधून घेतली. फोनवर आत्या चार वेळा विचारत होती, भाऊबीजेला नक्की येणार ना? शेवटी मीच फोन घेतला. सांगितलं, शंभर टक्के, तू फक्त पाट मांडून ठेव.

कालचा निर्णय: आणखी अभ्यास करावा.

७ सप्टेंबर, रविवार. संध्याकाळी.

टेस्ट ड्राइव्ह. जे झालं ते नीट नोंदवून ठेवतो, कारण घरात भलतंच व्हर्जन फिरतंय.

मी चालवत होतो. शेजारी शोरूमचा विवेक, मागे दादा आणि उषा. गाडी लोण्यासारखी. टँकबंड पार केला, पुढच्या सिग्नलला थांबलो आणि इंजिन बंद! एकदम चिडीचूप. आता, सिग्नलला हायब्रिडचं इंजिन आपोआप बंद होतं हे मला माहीत होतं. फाइलमध्ये पान चौदावर आहे, खाली लाल रेघसुद्धा मारलीय. पण मी जुन्या फियाटवर शिकलेला माणूस. इंजिन बंद पडलं की डोकं काही विचारत नाही, हात आपोआप दाराकडं जातो. मी उतरलो आणि खांदा लावला.

हैदराबादेत धक्का मागावा लागत नाही. दोन ऑटोवाले, एक पानवाला आणि एक बुरख्यातल्या खालाजान, क्या हुआ साब, क्या हुआ साब करत धावत आले. विवेक आतून ओरडत होता. पण माझा पाय ब्रेकवरून निघाल्याबरोबर इंजिन पुन्हा सुरू झालं होतं, आणि ही ऑटोमॅटिक गाडी. ती आपली आपणच निघाली. मागून आम्ही पाच जण ढकलतोय! विवेकनं हँडब्रेक ओढेपर्यंत पुढच्या ऑटोला टेकली. ऑटोला काही झालं नाही. गाडीच्या नंबरप्लेटला थोडं झालं.

निष्कर्ष: इंजिनचा आवाज खरोखरच येत नाही. दावा सिद्ध झाला.

दादा घरी येईपर्यंत हसत होते. खूप दिवसांनी हसले. हसून झाल्यावर विचारलं, हीच घेणार ना? मी म्हटलं, बघू.

१८ सप्टेंबर, गुरुवार.

पितृपक्ष चालू. घेता येणार नाही. छान झालं, विचाराला वेळ मिळाला. शिवाय अमेरिकेत मोठी बँक बुडालीय. भाव उतरणार. थांबला तो संपला म्हणतात, पण गाडीच्या बाबतीत थांबला तोच जिंकला.

हे दादांना सांगितलं. दादांनी विचारलं, भाऊबीज कितव्या तारखेला येते.

९ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा.

साडेतीन मुहूर्तांतला एक. सहकुटुंब शोरूमला. दादांनी नवं धोतर नेसलं, उषानं नारळ आणि चार लिंबं घेतली. विवेक मला बघून आधी आत गेला, मग त्याला कुणीतरी बाहेर पाठवलं. सही करणार एवढ्यात मला सुचलं. विचारलं, आठ वर्षांनी बॅटरी बदलायची वेळ आली तर ती इथं मिळेल का? त्याला सांगता येईना. दिल्लीला विचारून सांगतो म्हणाला. आता असल्या अर्धवट माहितीवर कोण गाडी घेईल?

ऑटोनं परत आलो. मलकपेटच्या पुलाखाली दादांनी ऑटोवाल्याला विचारलं की भालकीपर्यंत यायला जमेल का. दादांचा स्वभाव विनोदी आहे. पण ऑटोवाला विचार करायला लागला.

नारळाची चटणी केली.

२० ऑक्टोबर, सोमवार.

मास्टरस्ट्रोक! गाडी घ्यायच्या आधी हायवे टेस्ट नको का? पावणेदोनशे किलोमीटर जाऊन, पावणेदोनशे येऊन. तारीख: ३० ऑक्टोबर. मार्ग: झहीराबाद, बिदर, भालकी. म्हणजे टेस्टही होईल आणि भाऊबीजही. विवेकला फोन केला. मीटिंगमध्ये होता. पाचही वेळा.

२६ ऑक्टोबर, रविवार.

विवेक अजून मीटिंगमध्येच आहे.

मन मोठं करून हिम्मतरावांकडं गेलो. दाराला कुलूप. वॉचमन म्हणाला, सगळे गाडी घेऊन तिरुपतीला गेले, दिवाळीनंतर येणार. या माणसाला वेळेचं भानच नाही.

उषा म्हणाली, टॅक्सी करा. अहो, पाच महिने अभ्यास करून भाड्याच्या गाडीतून जायचं? आत्या काय म्हणेल? नाही सांगितलं. उषा शंकरपाळ्या तळायला गेली.

संकल्प: काहीतरी होईल.

२९ ऑक्टोबर, बुधवार.

उषा, प्रणिता आणि दादा उद्या पहिल्या बसनं चाललेत. मला विचारलं नाही, सांगितलं. दादांचे गुडघे, बसच्या पायऱ्या, सगळं मी मुद्देसूद मांडलं. दादा पिशवी भरत होते. म्हणाले, चढवतील कुणीतरी.

मी गाडी घेऊन मागून येतो म्हटलंय. विवेकचा फोन कधीही येऊ शकतो.

३० ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज. सकाळी ९.

गौलीगुड्याच्या बसस्टँडवर सोडायला गेलो होतो. कंडक्टर आणि दोघा पॅसेंजरांनी दादांना अलगद वर घेतलं. खिडकी मिळाली. मी खालून झहीराबादचा रस्ता कसा आहे ते सांगत होतो, तेवढ्यात बस सुटली.

मोबाइल चार्ज करून ठेवलाय.

दुपारी ४.

फोन आला. उषाचा. बसचा काही त्रास झाला नाही. आत्या न्हाऊन सकाळपासून ओसरीवर बसून होती. दादा उतरले तेव्हा तिनं त्यांचं तोंड हातांनी चाचपून बघितलं, मग ओवाळलं, मग दोघंही लहान पोरांसारखी रडली. उषाही सांगताना रडत होती.

मग दादा फोनवर आले. मी उत्तरं तयार ठेवली होती, पान नंबरासकट. त्यांनी काहीच विचारलं नाही. म्हणाले, सत्यवती फार थकलीय रे, तिला एकटीला टाकून आता मला येववत नाही, मी इथंच राहीन म्हणतो. उषा-प्रणिता उद्या निघतील. आणि म्हणाले, तू आता गाडीची घाई करू नकोस बाळ, सावकाश बघ.

मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

वाईट वाटतंय. रागावले असते तर बरं झालं असतं.

त्यांच्या खोलीत जाऊन बसलो. गुडघ्याला लावायचं तेल कोनाड्यातच राहिलंय. रोज लागतं त्यांना. नेऊन द्यायला हवं, उद्याच. भालकीची पहिली बस किती वाजता सुटते, मला माहीत नाही.