उपरण्याखालची गुहा

सक्करदरा, नागपूर
डिसेंबर १९७८

प्रिय वामनरावांस मारोतरावाचा कडकडून रामराम. तुमचा गुडघा काय म्हणतो? दलाली सोडून अमरावतीस लेकाकडे गेलात, आता आराम असेलच. माझी तब्येत ठणठणीत आहे. डोळ्यांविषयी आमच्या घरातून काही कळवले गेले असल्यास विश्वास ठेवू नये. (हे वाक्य आमची लेक लतिका लिहायला तयार नव्हती. मी सांगतो, ती लिहिते. घरात अजून माझेच चालते.)

मोतीबिंदू पिकला, ऑपरेशन करा, असा आमच्या सौभाग्यवतीने, सुभद्रेने, धोशा लावला आहे. मी करणार नाही. लतिका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकते. तिच्याच पुस्तकात आहे, की काळोख्या गुहांत राहून राहून माशांचे डोळे पार गेले, पण पाण्याची हालचाल अंगालाच अशी कळू लागली की कुठे धडकत म्हणून नाहीत. मग माझेच काय अडले? संत्रा मार्केटात उपरण्याखाली हात घालून, बोटे दाबून भाव ठरवण्यात आमच्या तीन पिढ्या गेल्या (उघड्यावर भाव बोलेल तो दलाल कसला?). ती गुहाच नव्हे का? आजोबांना मोतीबिंदू, वडिलांना मोतीबिंदू, आणि बोटे एकाहून एक तल्लख! लतिका म्हणते, "बाबा, त्याले हजारो पिढ्या लागतात. अन् म्हातारपणी बापाचे डोळे गेले म्हणून पोरांचे जात नाहीत." मी म्हटले, "काहून नाही? कोणीतरी सुरुवात करावीच लागते ना वं!"

परवाचा प्रकार तुमच्या कानावर येईलच, म्हणून मीच सांगतो. काटोलच्या रुपरावांचा माल विकायचा होता. मी उपरणे टाकले, समोरचा हात धरला, बोटे दाबली. त्यानेही दाबली. मी ताणले, तो वाकला. झकास भाव आला. उपरणे काढून सौदा पुकारला, तर अख्खा बाजार खो खो हसत सुटला. हात रुपरावांचाच होता! बिचारे रामराम करायला आले होते. मी हात सोडीना, म्हणून भिडेखातर तेही दाबत राहिले. "भाव बेस आहे भाऊ," म्हणाले, "पण माहीच संत्री मी घेऊन करू काय गा?" आता तुम्हीच न्याय करा. चूक कोणाची? डोळ्यांची. बोटांनी तर बाजारातला सर्वांत चढा भाव आणला. असल्या नालायक अवयवावर ऑपरेशन कशाला? सुभद्रेला मी तसे ठणकावून सांगितले आहे.

वहिनींना नमस्कार.

तुमचा,
मारोतराव

ता. क. ऑपरेशन येत्या गुरुवारी आहे. मी हरलो असे समजू नये. सुभद्रा दमली, म्हणून हो म्हटले.

पुन्हा ता. क. डोळ्यांवर पट्टी बांधून बरेच दिवस निजून राहावे लागेल म्हणतात. तुम्ही यावे. बोलू नका, नुसता हात द्या. तुमची ती वाकडी करंगळी मी हजारात ओळखीन. मला फार भीती वाटते. (हे वाक्य खोड म्हणालो, तर लतिका तयार नाही.)