देवमाशाचा दात कोरोला निघाला

१२ सप्टेंबर २०११

प्रिय विली वहिनी,

देवाच्या कृपेने इकडे सगळे खुशाल. तुमच्याकडेही तसंच असावं. आई तुझी आठवण काढते. अळू चांगलं आलंय. आपला पेनियासी अफगाणिस्तानच्या लढाईवरून परत आला तेव्हा गावाने उभारलेली पानांची कमान अजून आहे. वाळली, पण काढायला कोणी धजत नाही.

तू कोरो बेटावर माहेरी गेल्यापासून नदीवर धुण्याच्या वेळी तुझाच विषय. परवा लुसियाना आत्या म्हणाली, "बेटावरच्या पोरी या. जमिनीवर यांना चक्कर येते." सगळ्या हसल्या. "नवरा हेल्मंडहून धडधाकट परत आला, आणि हिला माहेरचे मासे आठवले!" मी चादर पिळत राहिले.

आता कामाचं. शुक्रवारच्या बोटीने मोठे काका देवमाशाचा दात घेऊन तुमच्याकडे येत आहेत. तुझ्या वडिलांपुढे ठेवून क्षमा मागतील. वडिलांनी दात हातात घेतला की विषय मिटला. त्यावर पुन्हा कोणी बोलायचं नाही, आणि तू त्याच बोटीने परत. क्षमा कशाची, हे काकांनाही ठाऊक नव्हतं. "नवराबायकोची कुरबुर," एवढंच मी त्यांना सांगितलं होतं.

सुवा शहरातल्या इस्पितळात तुझ्या हाताचा एक्स-रे मीच काढला, माझं रोजचं कामच ते. घसरलेला माणूस तळहात टेकतो, बहुधा त्याचं मनगट मोडतं. तुझं हाड मनगट आणि कोपराच्या मधे मोडलं होतं, करंगळीच्या बाजूला. डोक्यावर येणारा घाव हातावर झेलला की तिथे मोडतं. पडद्यावर ते दिसलं, तू माझ्याकडे पाहिलंस, आणि मी म्हणाले, "ओल्या दगडांवर जपून चाल." तू काही बोलली नाहीस. घरी येऊन मी सगळ्यांना दगडाची गोष्ट सांगितली. कोणता दगड, तेसुद्धा.

तो झोपेत मारतो, उठल्यावर त्याला आठवत नाही, हे तू त्याआधीच मला सांगितलं होतंस. मी म्हटलं, "मी त्याच्याशी कशी बोलणार? सख्खा भाऊ आहे." ते खरंच. त्याला मिसरूड फुटल्यापासून आम्ही एकमेकांशी बोललेलो नाही. तो आत आला की मी बाहेर. भावाबहिणीने एकमेकांचा मान असाच राखायचा. पण मला ती रीत सोयीची पडली. गाव त्याला खांद्यावर घेऊन नाचत होतं. तो नाच माझ्यामुळे थांबायला नको होता.

काल आई चर्चला गेल्यावर मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले आणि त्याला नावाने हाक मारली. तो कंद सोलत होता.

"कोणी ऐकेल," तो म्हणाला.

"ऐकू दे. विलीचा हात तू मोडलास. झोपेत."

"ती दगडावर पडली म्हणाली."

"ते ती नाही, मी म्हणाले."

तो सोलतच राहिला, कंदाचं पांढरंसुद्धा निघायला लागलं. मग म्हणाला, "मला ते स्वप्न वाटायचं." आणि सुरी खाली ठेवून, "तिला आणू नका. काकांना सांग."

संध्याकाळी मी काकांना सगळं सांगितलं, हाडासकट. त्यांनी एकच ऐकलं. "तू भावाशी बोललीस? तोंडावर?" मग म्हणाले, "दात तेलाने पुसून ठेवलाय. तो निघणार."

म्हणून हे पत्र आजच्या मालाच्या बोटीवरच्या आचाऱ्याकडे देते आहे. माझं नाव घेऊन वडिलांना सगळं सांग. त्यांनी दाताला हात लावू नये. काकांचा अपमान होईल, तो माझ्या माथी येऊ दे.

गुरुवारी मी पेनियासीला सुवाला मनाच्या डॉक्टरांकडे नेते आहे. येतो म्हणालाय, येईलच असं मी म्हणणार नाही. बसमध्ये कुठे बसायचं हेच अजून आम्हा दोघांना उमजत नाहीये. आणि तो बरा झाला असं मी कधी लिहिलं, तरी माझ्या शब्दावर येऊ नकोस. तुझं तू पाहा.

मी तुझी माफी मागत नाही. मागितली की तुला द्यावी लागते, आणि एकदा दिली की तुला पुन्हा बोलता येत नाही. तू बोल.

तुझी नणंद, तू म्हणू देशील तोवर,
लाइसानी