चुलीवर पेटवलेली बिडी

दादा, आज शेंद्र्याला आमच्या कंपनीत सगळ्यांची तपासणी झाली. डॉक्टरीणबाई माझ्या लेकीच्या वयाची. तिनं नळीत फुंकायला लावलं आणि कागद पुढं ओढून विचारलं, "काकू, बिडी-सिगारेट कधी ओढली? घरात कुणी ओढायचं?" मी ठणकावून सांगितलं, "नाय. आमच्यात कुणीच नाय." बापाचं, तुमचं नाव राखलं म्हणून बाहेर येईस्तोवर मला बरंच वाटलं.

खोटं बोलले हो. लासूर स्टेशनच्या घरात मी चुलीपुढं बसलेली असायचे आणि ओसरीवरून तुमची हाक यायची, "पोरी, बिडी पेटवून आण गं." पेटवायची म्हणजे एक झुरका मारावाच लागतो. काडेपेटीतली काडी वाचायची आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटायचं नाही. गल्लीतल्या सगळ्याच पोरी आणायच्या. मी मात्र दारापर्यंत येता येता दोन झुरके जास्तीचे मारायला लागले. एक दिवस तुमच्या हातात आली ती अर्धी संपलेली बिडी! मी गाल पुढं करूनच उभी. तुम्ही मारलं नाही. बिडी मोरीत फेकली आणि आईला म्हणालात, "हिची नाय, माही चूक हाय." पुन्हा कधी मला बिडी मागितली नाही. तुमची काही सुटली नाही, पण माझी तिथंच सुटली.

मग कैक वर्षांनी, बाजारात भरलेली पोती हसत उचलणारा माणूस, तुम्हीच, दम लागून दवाखान्याच्या जिन्यात चौथ्या पायरीवर बसलाय. मग वर खाटेजवळ, फुप्फुसं निकामी झालीत, हृदयावरही ताण आलाय, असं डॉक्टर दबक्या आवाजात सांगतायत आणि तुम्ही दम खात म्हणताय, "मोठ्यानं सांगा साहेब. पोरीला कळू द्या. पेटवायला मीच शिकवलं तिला." अख्खा वॉर्ड ऐकतोय. चारचौघांत स्वतःची चूक सांगणारा बाप किती जणींना मिळतो? त्या जोरावरच मी नवऱ्याशी भांडले, नाही नाही ते बोलले, पण घरात सिगारेट येऊ दिली नाही. शेवटी त्यानंही सोडली. माझी लेक धुरावाचून वाढली, दादा. हे तुमचंच देणं आहे.

आणि मी मूर्ख, तुमची अब्रू झाकत बसले! सकाळी जाऊन डॉक्टरीणबाईला सगळं खरं लिहून घ्यायला सांगते. तुम्ही तर गेलात, ही चिठ्ठी कुठं पाठवणार, राहू दे माझ्या डब्याच्या पिशवीत. एक गोष्ट मात्र डॉक्टरीणबाईलाही सांगितली नाही, लेकीलाही नाही. महिना झाला, खोकला जात नाहीये. लई भ्या वाटतंय, दादा.