ऑर्किडला वारा लागतो

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा किंचित ओलसर नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत, भावोजींचा खोकला सध्या कोणत्या सुरात आहे, ही सगळी चौकशी मी मनापासून केली आहे असं समज आणि आधी माझं गाऱ्हाणं ऐक. आज सकाळी माझ्या हातातलं बिस्किट वाकलं. मोडलं नाही, वाकलं. तेही चहात बुडवण्यापूर्वी. बिस्किटाने माणसाच्या हातात आवाज करून मोडावं, एवढी एकच अपेक्षा ठेवून मी आयुष्य काढलं, आता तीही सोडावी लागणार. वर्तमानपत्र उचलावं तर ते मधोमध लोंबतं, मिठाच्या बाटलीच्या पाठीत कितीही धपाटे घातले तरी ती तोंड उघडत नाही, आणि कपाटातल्या माझ्या चामडी पट्ट्यावर छान हिरवी लव उगवली आहे (तिला कुणी पाणी घालत नाही, खत घालत नाही, तरी कशी जोमात आहे, काही मंडळींनी तिच्याकडून शिकावं).

याला जबाबदार तू. डोंगरातल्या तुझ्या घरून निघताना तू खोक्यात घालून दिलेली ती ऑर्किडं, आणि काल आलेलं तुझं एका ओळीचं पत्र: "झाडं जगली का रे?" अगं, जगली का काय विचारतेस! राजेशाही थाटात आहेत. मात्र तुझ्याकडे ती खिडकीत ठेवली की आपली आपण वाढतात, कारण तुला धुकं फुकट मिळतं. मला ते विकत घ्यावं लागलं. लेक शिकायला बाहेर गेल्यापासून तिची खोली रिकामीच होती, ती मी झाडांना दिली. पसरट ट्रेमध्ये खडे, खड्यांत पाणी, वर कुंड्या, कुंड्यांत ओलं शेवाळ, कोपऱ्यात वाफ सोडणारं एक यंत्र (ते मधूनमधून आजारी मांजरासारखा आवाज काढतं), आणि दुपारच्या उन्हावर उतारा म्हणून गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या. या बाटल्यांमुळे फ्रिजमध्ये आता दूध उभं राहू शकत नाही, ते आडवं ठेवावं लागतं. ते आडवं ठेवल्यावर काय होतं ते मी सांगत बसत नाही.

मी या विषयाचा नीट अभ्यास केला आहे हे तुला माहीत असावं. थंड हवेतल्या ऑर्किडना तीन गोष्टी लागतात: गारवा, दमटपणा आणि खेळती हवा. पहिल्या दोन मी पेन्सिलीने अधोरेखित केल्या. तिसरी वाचली नाही असं नाही, पण तिच्याशी माझं पटलं नाही. माझ्या नाकाची तुला कल्पना आहेच. लहानपणी साधी फुंकर आली तरी ते वाहायला लागायचं आणि तू मला "नळ" म्हणायचीस. वय वाढलं तसा नळ बंद होऊन तुंबायला लागला, एवढाच फरक. म्हणून आमच्या झोपायच्या खोलीत खिडकी बंद आणि पंखाही बंद, असा जुना शिरस्ता आहे.

तुझ्या भावजयीला हा शिरस्ता अलीकडे मान्य नाही. गेली दोन वर्षं तिला मध्येच अंगातून वाफा निघाल्यासारखं होतं. रात्री उठून बसते, चादर भिरकावते, पदराने मान पुसत राहते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वयाचं आहे, गार खोलीत झोपा, खिडकी उघडी ठेवा, पंखा लावा. (माझा पोटापाण्याचा धंदा विमा कंपनीत लोकांचे दावे तपासण्याचा, म्हणजे स्वच्छ सांगायचं तर फेटाळण्याचा. तेव्हा या सल्ल्यावर मी मुद्देसूद हरकती घेतल्या. माझ्यासमोर कुणाचं फारसं चालत नाही.) घरात एक टेबलफॅन होता, तो मी कपाटावर चढवला आणि पुन्हा मोह नको म्हणून त्याच्यावर प्रवासाची बॅग ठेवली.

तर मी ऑर्किडच्या खोलीच्या खिडकीला चिकटपट्ट्या लावल्या, दाराखाली जुनं पांघरूण कोंबलं, आणि आत असा काही दमटपणा साठवला की चष्मा घालून गेलं तर आंधळं होऊन बाहेर यावं. पंधरवड्यात पानांवर काळे ठिपके दिसले. गुन्हेगार शोधायला मला वेळ लागला नाही. तुझी भावजय इस्त्री आणायला दिवसातून एकदा ते दार उघडायची.

"तुझ्यामुळे दमटपणा बाहेर जातो," मी म्हणालो.

"मला तिथे गुदमरल्यासारखं होतं हो. त्यांना होत नसेल?"

"झाडांना नाक नसतं."

"तुम्हाला आहे ना. सगळ्या घराला पुरेल एवढं."

मी दाराखालचं पांघरूण आणखी घट्ट कोंबलं. पण तुझ्या लाडक्या केशरी ऑर्किडची दोन पानं देठाशी मऊ पडून गळाली, तेव्हा मी ती कुंडी पिशवीत घालून झाडांच्या दुकानात घेऊन गेलो. दुकानदार म्हणजे एक प्रकरणच. येणाऱ्या प्रत्येकाला तो "साहेब" म्हणतो, पण अशा आवाजात की जणू साहेबांच्या घरी नुकतंच कुणी गेलं आहे. त्याने झाड हुंगलं.

"साहेब, खोलीत वारा आहे का?"

मी दमटपणाचा आकडा सांगितला.

"आकडा नाही विचारला. वारा. ही उकडलेली भाजी झालीय साहेब. ओलं पान रात्रभर बंद हवेत राहिलं की कुजणारच. रात्री खिडकी उघडा, पंखा भिंतीकडे तोंड करून लावा, पान नुसतं थरथरलं पाहिजे, डोलता कामा नये."

(त्याने मला परदेशी बनावटीचा एक चिमुकला पंखाही दाखवला. त्याची किंमत ऐकून माझंच पान थरथरलं.)

घरी आलो तो बूटही न काढता स्टुलावर चढलो. बॅग काढली, टेबलफॅन उतरवला, पाती ओल्या फडक्याने पुसली, तोंड भिंतीकडे केलं, चिकटपट्ट्या सोलल्या, खिडकी उघडली. मग पातळ कागदाची एक पट्टी प्रत्येक पानाजवळ धरून ती किती हलते ते पाहत बसलो. इतक्या मायेने मी या घरात क्वचितच काही केलं असेल. मागे वळून पाहतो तर तुझी भावजय दारात, खांद्यावर टॉवेल. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"डॉक्टरीणबाई आणि तो दुकानदार एकाच कॉलेजात होते वाटतं," ती म्हणाली.

मी समजावलं की हे फार नाजूक झाड असतं, त्याला जपावं लागतं.

"खरंय. मीही दोन वर्षं हेच मागत होते. मला पानं नव्हती, तेवढं चुकलं."

त्या रात्री तिने उशी उचलली आणि ऑर्किडच्या खोलीत लेकीच्या कॉटवर झोपायला गेली. ती आजतागायत तिथेच आहे. माझं म्हणशील तर मला यात आक्षेपार्ह काही दिसत नाही. एवढ्या किमती झाडांवर देखरेख ठेवायला कुणीतरी हवंच होतं. झाडांना ही व्यवस्था मानवली आहे: ठिपके थांबले, नवी पानं फुटली, मुळं पांढरीशुभ्र. तुझ्या भावजयीलाही मानवली असावी, कारण भिंतीपलीकडून तिच्या घोरण्याचा आवाज येतो आणि तो अत्यंत समाधानी आहे. परवा फोनवर लेकीने विचारलं, "बाबा, आई माझ्या खोलीत का झोपते?" मी म्हटलं, देखरेख. त्यावर ती म्हणाली, "मग तुमच्यावर कोण ठेवतं?" आजकालच्या मुलांना कशाचं हसू येईल सांगता येत नाही.

एकदा मी सहज सुचवून पाहिलं की झाडांची प्रकृती आता स्थिर आहे, देखरेखीची तितकी गरज उरलेली नाही. ती कुंड्यांवर पाणी फवारत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "इथे वारा येतो हो." रागाने म्हणाली असती तर मी उत्तर दिलं असतं. तीन मुद्दे तयार होते. पण ती साधंच म्हणाली.

असो. मला आता अख्खा पलंग मिळतो. आडवंतिडवं, कर्णरेषेत, वाटेल तसं झोपता येतं. सगळे प्रकार करून पाहिले, त्यात सांगण्यासारखं काही नाही. घरी सर्व ठीक. मला तुझ्याकडून काही नको. भावोजींना नमस्कार, आणि त्यांनाही सांग, झाडं जगली आहेत.

तुझा,
हवाबंद धाकटा

ता. क. केशरी ऑर्किडला कळी आली आहे. फोटो पाठवीन. श्रेय कुणाचं हे फोटोत दिसत नाही, म्हणून आधीच सांगून ठेवतो: माझं.

ता. क. दुसरा. पत्राचं खरं कारण लिहायचं राहिलं. तुझ्याकडे लोकर उरली असेल तर मला एक टोपी विणून पाठव. कान झाकणारी हवी. पुढून नाकावर ओढता आली तर उत्तम. रंग कुठलाही चालेल, ती घालून मी कुठे बाहेर पडणार नाही. पार्सल ऑफिसच्या पत्त्यावर पाठव, घरी नको. आणि फोनवर तुझ्या भावजयीकडे यातलं एक अक्षरही काढू नकोस.

ता. क. तिसरा. तो परदेशी बनावटीचा पंखा मी घेतला. आवाज अजिबात करत नाही. आज ती भाजी आणायला गेली तेव्हा आमच्या खोलीत तिच्या बाजूला स्टूल ठेवून त्यावर बसवला. झोत बरोबर तिच्या उशीच्या जागी येतो, मी तिथे आडवा होऊन पाहिलं. तिला काही बोललेलो नाही, दार फक्त लोटून ठेवलं आहे. टोपीचं तेवढं लवकर बघ. खिडकी आजपासूनच उघडी आहे.